ताम्हिणीने उतरून आंबेनळीने चढताना

पुणे, माणगाव, महाड, पोलादपूर, महाबळेश्वर, वाई आणि परत पुणे. साधारण तीनशे किलोमीटरचा हा फेरा आम्ही दोघांनी आपापल्या मोटरसायकलवर ऐन ऑगस्टच्या पावसात केला. अंतर ऐकून बऱ्याच जणांना हे एका दिवसाचं काम वाटतं. पावसाळ्यात तसं कृपा करून करू नका. महाडला मुक्काम ठेवा, म्हणजे आंबेनळी घाट सकाळच्या उजेडात चढता येतो आणि तो बंद निघालाच, तर ताम्हिणीने परतायला अख्खा दिवस हाताशी राहतो.

पिरंगुटला लख्ख ऊन होतं. मुळशीच्या जलाशयाकडेने जाताना भुरभुर सुरू झाली आणि ताम्हिणी गाव मागे पडताच सरींनी झोडपायला सुरुवात केली. म्हणून पिरंगुटलाच टाकी भरा, ऊन असलं तरी रेनकोट चढवा. शर्ट-पँटचा जोड घ्या; पोंचो घाटातल्या वाऱ्यात फडफडतो आणि गाडी हेलकावते. पुढे मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा घरी काय कळवायचं ते आधीच कळवा. शनिवार-रविवार टाळाच. धबधब्यांपाशी ऐन वळणावर गाड्या उभ्या असतात, माणसं रस्त्याच्या मधोमध फोटो काढत असतात. पावसापेक्षा मला त्यांचीच जास्त धास्ती वाटते.

विळ्याला उतरलं की हवा एकदम दमट होते. निजामपूरला चहा, मग माणगावहून महामार्गाने महाड. या टप्प्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

महाडला मात्र सावित्रीकडे नीट बघा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री हिच्याच पुरात ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. जुलै २०२१ मध्ये सगळं शहर पाण्याखाली होतं. त्याच पावसात, २२ जुलैला, याच तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. इथली माणसं पावसाबद्दल बोलतात ते हे सगळं सोसून, त्यामुळे त्यांचा शब्द मोडू नका. खोली वरच्या मजल्यावरची घ्या आणि गाडी कुठे लावायची ते मालकालाच विचारा. पाणी कुठवर चढतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

आता आंबेनळी. निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा बघा. रेड अलर्ट असेल तर जायचंच नाही. पण जिल्ह्याच्या अंदाजावरून घाटातलं नेमकं वळण कळत नाही. त्यासाठी पोलादपूरच्या स्टँडवर थांबून महाबळेश्वराहून उतरलेल्या एसटीच्या चालकाला विचारा. आम्हाला एका चालकाने दगड कुठे पडलेत, माती कुठे घसरलीय, सगळं सांगितलं आणि ते तंतोतंत खरं निघालं.

चढताना डोंगराच्या अंगाचं पाणी बघत राहा. वाहणारा झरा अचानक गढूळ झाला, रस्त्यावर ताजे बारीक दगड दिसले किंवा झाड नुकतंच कललेलं वाटलं, तर कातळाखाली क्षणभरही थांबू नका. वळणावर वाहून आलेली खडी असते, सावलीत शेवाळ असतं, पांढरे पट्टे साबणासारखे निसरडे होतात. वेग वळणाआधीच कमी करा, खालचा गिअर ठेवा, वळणात ब्रेक दाबू नका.

प्रतापगडाच्या पायथ्याशी, वाडा कुंभरोशीजवळ, धुक्यात पुढची गाडी दिसेना. अशा वेळी लाइट लो बीमवर ठेवा, कारण हाय बीमने समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. हेल्मेटची काच बोटभर उघडी ठेवा, वळणागणिक हॉर्न द्या. आम्ही सरळ एका टपरीत शिरलो. मावशी म्हणाल्या, "बसा रे पोरांनो, ढग उतरलाय, तासाभरात उठंल." आम्ही भजी खात बसलो आणि खरंच उठला. घाटात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही बसून राहायची तयारी. मुक्कामाची घाई असलेला माणूस टपरी मागे टाकून धुक्यात शिरतो.

महाबळेश्वरात हातमोज्यांच्या आत बोटं गारठली होती. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तिथून तासाभरावरच्या वाईला त्याच्या पाव हिस्साही नाही. ढग घाटमाथ्यावर रिकामे होतात. सावित्री आणि कृष्णा, दोघींचा उगम इथलाच. एक आम्ही चढलो त्या कोकणाकडे धावते, दुसरी आम्ही उतरणार होतो त्या देशाकडे. पाचगणीला रस्ता कोरडा, पसरणी घाटात तर चक्क ऊन!

याच उतारावर हात सैल सुटतो. टायरच्या खाचांत अजून चिखल असतो आणि ओले ब्रेक नीट धरत नाहीत. सपाट जागी हलकेच दोन-चारदा दाबून ते आधी वाळवून घ्या, मगच पसरणी उतरा. घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी गाडी धुवा, चेनला तेल द्या आणि ब्रेक पॅड तपासून घ्या. घाटातली वाळू ते फार लवकर झिजवते.