गाडी तीच आहे ना हो?

नाशिककरांसमोर गाडी पळवायची असेल तर सबबी घरी ठेवून यावं. शहरात महिंद्राचा कारखाना, बॉशचा कारखाना, आणि त्यांच्या जिवावर अंबड-सातपूरला सुटे भाग करणारी लहानमोठी वर्कशॉपं. त्यात रॅली ऑफ महाराष्ट्रच्या निमित्तानं इथल्या लोकांनी राष्ट्रीय स्पर्धेतले ड्रायव्हर धूळ खात, जवळून पाहिलेले. माळावर बघायला आलेला माणूस बघ्या असेलच असं नाही.

नाशिकच्या ऑटोक्रॉस स्पर्धेसाठी ठाण्याहून शुक्रवारी रात्री निघालो. कसारा, इगतपुरी, घोटी याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ट्रक होते. मुक्काम इंदिरानगरला साडूंकडे. मेहुणीनं एवढ्या उशिरा गरम भाकरी टाकून वाढली. स्पर्धेसाठी येणारे बाकीचे लोक हॉटेलात का उतरतात कळत नाही. त्यांना नाशकात साडू नसावेत.

गाडीही साडूंचीच. जुनी पेट्रोल स्विफ्ट, 1298 सीसी. एका गाडीवर दोघांनी नाव द्यायची मुभा होती. प्रवेश फी ज्याची त्याची, पेट्रोल आणि टायर निम्मे-निम्मे. कागदावर फार सुंदर व्यवस्था आहे ही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑटोक्रॉसमध्ये शेजारून कुणी ओव्हरटेक करत नाही. मैदानावर शंकू लावून रस्ता आखतात, एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. शंकू पडला की वेळेत दंडाचे सेकंद वाढतात, चुकीच्या बाजूनं गेलात तर ती फेरी बाद. आमचं मैदान मुरमाचं होतं, आडगावच्या पुढे.

शनिवारची सकाळ तपासणीच्या रांगेत गेली. मंडप एकच, तोही पाहुण्यांसाठी. फी भरलेले सगळे उन्हात. स्टेपनी, जॅक, मॅट, बाटल्या, जे जे सुटं ते सगळं बाहेर काढायचं. आमच्या सीटखालून भाच्याचा एक बूट आणि मेहुणीचा हरवलेला कंगवा निघाला. तपासणीसानं तो निर्विकारपणे बोनेटवर ठेवला.

आधी कोण जाणार, हा प्रश्न साडूंनी चुटकीसरशी सोडवला. "तुम्ही पाहुणे, तुम्ही आधी." मला भरून आलं. ते फार टिकलं नाही. मुरमावर वरचे सुटे खडे पहिल्या गाड्या बाजूला सारतात. मागून येणाऱ्याला खालची घट्ट जमीन मिळते. पाहुणचार म्हणून मला झाडू मारायला पाठवलं होतं! एका गाडीनं असा कितीसा फरक पडणार म्हणा. पण साडूंची वेळ माझ्यापेक्षा तीन सेकंदांनी कमी लागली तेव्हा तो फरक मला चांगलाच दिसत होता.

शिवाय दर वेळी अदलाबदल. ते सहा फुटांचे, मी नाही. ते उतरले की सीट पुढे, पाठ सरळ, आरसे, पट्टा, दोघांची फेरी वेगळी ओळखावी म्हणून दारावरच्या नंबराला चिकटपट्टीनं जोडलेला त्यांचा 'ए' काढायचा. हे सगळं होईपर्यंत मार्शल हात हलवत असतो. ट्रॅक पायी फिरून पाठ केलेली वळणं तेवढ्यात डोक्यातून जातात.

रविवारी सकाळी मिसळ खाताना मी ठामपणे सांगितलं, आज तुम्ही आधी. ते लगेच हो म्हणाले. तेव्हाच शंका यायला हवी होती. ते आधी गेले आणि तरीही पुढेच राहिले. मी उतरलो आणि वैतागून म्हणालो, "वळतच नाही ही. पुढची चाकं सरळच जातात."

बांधावर एक काका शेंगा खात बसले होते. डोक्याला रुमाल, पायात चपला. त्यांनी विचारलं, "गाडी तीच आहे ना हो?"

"हो."

"मग मघाशी तर वळत होती."

साडूंनी मान फिरवली. ते हसत होते हे पाठीवरून कळत होतं.

काका अंबडला एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते, आता निवृत्त. त्यांनी टरफलांची वळणं मांडली आणि शेंगेची गाडी केली. "एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारं ते, नाही ना हिला? मातीवर तेच बरं. चाक लॉक झालं की पुढे मुरमाचा ढीग करतं आणि लवकर थांबतं. पण लॉक झालेलं चाक वळत नाही. तुम्ही ब्रेकवर पाय दाबून स्टिअरिंग फिरवताय. हे साहेब सरळ रेषेत ब्रेक मारतात, सोडतात, मग फिरवतात." आणि शेंग खाऊन टाकली. पैसे देऊन घेतलेल्या प्रशिक्षणातही मला हे इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. राग आला तो बोलण्याचा नव्हता. दोघांना गाडी एक, टायर तेच, टायरमधली हवा तीच. बोट दाखवायला जागाच उरत नाही. स्वतःची गाडी घेऊन गेलो असतो तर घरी येताना सस्पेन्शनला शिव्या घालत आलो असतो.

दुपारच्या फेरीत ब्रेक आधी सोडला. गाडी वळली. साडूंच्या आणि माझ्या वेळेतलं अंतर सेकंदाच्या आत आलं, पण ते पुढेच. एकूण यादीत आम्ही मधे कुठेतरी, एकाखाली एक. पहिला आला तो एक जिप्सीवाला, आणि तो मंडपात बसला होता.

पुढच्या टायरांच्या कडा मुरमानं कुरतडल्या आहेत. साडूंचं म्हणणं, चाकं लॉक तुम्ही केलीत, टायर तुमचे. मी म्हणतो, निम्मे-निम्मे ठरलं होतं. तरीही त्यांना हिशेब करायचाच असेल, तर रविवारच्या मिसळीचे पैसे मी दिले होते, तेवढे वजा धरावेत.