छाटणीच्या अठराव्या दिवशी तुटलेला शाफ्ट

द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीला अठरा दिवस झाले होते. रात्रभर पाऊस लागून राहिलेला, त्यामुळे सकाळी डाऊनीचं, म्हणजे वेलीवरच्या बुरशीचं औषध मारणं भागच होतं. तिसऱ्या ओळीत खाडकन आवाज झाला आणि छोट्या ट्रॅक्टरची पुढची चाकं ओढायची थांबली. मागची फिरत होती, पण फवारणीचा ६०० लिटरचा ब्लोअर भरलेला असताना चिखलात मागच्या दोन चाकांचं काही चालत नाही. अर्धी टाकी भरत, दुप्पट खेपा मारत तो दिवस काढला.

ट्रॅक्टर १८ एचपीचा, आबांनी घेतलेला. गिअरबॉक्सकडून पुढच्या ॲक्सलला ताकद नेणारा शाफ्ट पोटाखालून नळीतून जातो. २५ मिमी जाड, दोन्ही टोकांना सहा-सहा दाते, त्यावर कपलिंग, म्हणजे जोडणारी नळी. मूळ शाफ्टचे दाते झिजले म्हणून तीन वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमधून नवा करून घेतला होता. तुटला तो हाच.

या मॉडेलचा शाफ्ट आता दुकानात मिळत नाही. दोघा-तिघांनी सांगितलं, वेल्डिंग मार आणि हंगाम काढ. मला ते पटेना. पीळ खाणाऱ्या शाफ्टला वेल्डिंग केलं की जोडाशेजारचं लोखंड ठिसूळ होतं आणि पुन्हा तिथेच तुटतं. दोन्ही तुकडे घेऊन मिरजेला चाचांच्या लेथवर गेलो.

चाचांनी तुटकं तोंड चिंधीनं पुसून उजेडात धरलं. कडेनं गुळगुळीत, घासून चमकलेलं. त्यात बारीक वलयं आत आत सरकत गेलेली, आणि मधोमध हरभऱ्याएवढा खरखरीत, करडा ठिपका. "हा आज नाही तुटला," चाचा म्हणाले. "कधीचा चिरत आलाय. आज फक्त एवढाच उरला होता." ठिपक्यावर त्यांनी नख ठेवलं.

चीर सुरू झाली ती दाते संपतात तिथल्या खाचेत. दाते कापणाऱ्या हत्याराला सुटायला जागा हवी म्हणून तिथे काटकोनी खाच मारलेली होती. अशा कोपऱ्यात सगळा ताण गोळा होतो. माल चांगला असला तरी तो कोपरा शाफ्टला खाऊन टाकतो, असं माझं मत आता पक्कं झालंय.

नवा शाफ्ट ईएन-२४ या मिश्र पोलादाचा केला. आधीच भट्टीत तापवून कणखर, म्हणजे टफन केलेलाच बार घेतला, म्हणजे दाते कापल्यावर भट्टीत घालून वाकडा होण्याची भीती नाही. दाते मिलिंग मशिनवर काढले. तिथे गोल कटर शेवटी हळूहळू वर निघतो, त्यामुळे दाता उतरणीसारखा संपतो आणि खाचेची गरजच राहत नाही. जॉब मोजून थोडा थोडा फिरवणाऱ्या डिव्हायडिंग हेडच्या हँडलचे ४० फेरे म्हणजे जॉबचा एक. सहा दात्यांसाठी दरवेळी ६ पूर्ण फेरे आणि वर दोन-तृतीयांश, म्हणजे १८ भोकांच्या वर्तुळावर १२ भोकं. चाचा ती भोकं ओठांत पुटपुटत मोजत होते. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "डांबरीवर पुढच्या चाकांचा गिअर काढतोस का?" काढत नव्हतो. अशा ट्रॅक्टरची पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त पळतात. चिखलात ती घसरून हिशेब जुळवतात, डांबरीवर घसरत नाहीत आणि तो सगळा पीळ शाफ्टला बसतो. रान ते घर दीड किलोमीटर डांबरी, रोज दोन वेळा.

घरी येऊन दात्यांना ग्रीस लावलं. कपलिंग हातानं सरकलं, कुठे अडकलं नाही, डगमगलं नाही. दुपारी भरल्या टाकीनं पाचही ओळी मारल्या. पुढच्या गिअरच्या लिव्हरची मूठ आठवणीसाठी लाल रंगवली आणि फवारणीच्या वहीत मागच्या पानावर मापं लिहून ठेवली: बाहेरून २५, दात्यांच्या बुडाशी २१, दाता ५ मिमी रुंद, खाच मारायची नाही.