घरच्या व्यायामखोलीची नोंद: रॉड, बारीक प्लेटा आणि बाभळीचे मुद्गल

मंडळी, मागच्या नोंदीनंतर खोलीत बऱ्यापैकी सामान आलंय. बेंच आला, पुलअप बार भिंतीला लागला आणि मुद्गलांची, म्हणजे फिरवायच्या जड लाकडी गदांची, जोडी तयार होऊन आली. घरी ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांना सामान निवडताना उपयोग व्हावा म्हणून प्रत्येक वस्तू का घेतली आणि काय घेतलं नाही, ते सविस्तर लिहिते.

खोली जुळे सोलापुरातल्या आमच्या घरात पहिल्या मजल्यावर, दहा बाय अकरा फुटांची. खाली शहाबादी फरशी, वर उघडा स्लॅब. या दोन गोष्टींनीच निम्मी निवड करून टाकली.

सगळ्यांचा पहिला प्रश्न रॉडचा असतो. ऑलिंपिक रॉड पुरुषांचा 20 किलो वजनाचा आणि 2.2 मीटर लांबीचा, बायकांचा 15 किलो आणि 2.01 मीटर. दोन्हींची टोकं 50 मिलिमीटर जाडीची आणि स्वतःभोवती फिरणारी. क्लीन किंवा स्नॅच, म्हणजे जमिनीवरून रॉड झटक्यात खांद्यापर्यंत किंवा डोक्यावर नेणारे प्रकार, करणाऱ्याला ते फिरणं लागतंच, नाहीतर सगळा पीळ मनगटावर येतो. पण सव्वासात फुटी रॉडच्या दोन्ही बाजूंनी प्लेटा चढवायला हातभर जागा सोडली की दहा फूट संपतात. मला करायचंय स्क्वॉट (रॉड खांद्यावर घेऊन उठबस), डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलून सरळ उभं राहणं), रोइंग (वाकून रॉड पोटाकडे ओढणं) आणि डोक्यावरचा प्रेस (रॉड खांद्यापासून डोक्यावर ढकलणं). या चारही प्रकारांना न फिरणारा साधा पाच फुटी रॉड पुरतो, म्हणून तोच घेतला. त्यात एक गोष्ट घेण्याआधी बघावी लागते: बाजारातले बहुतेक रॅक, म्हणजे रॉड टेकवायचे खांब, सात फुटी रॉडच्या मापाचे असतात, पाच फुटी रॉड त्यांच्या खांबांवर नीट बसत नाही. त्यामुळे दोन सुटे स्टँड घेतले. त्यांचं अंतर हवं तसं ठेवता येतं आणि काम झालं की कोपऱ्यात उभे राहतात.

प्लेटा ओतीव लोखंडाच्याच घ्या, असं मी ठामपणे सांगेन. प्लास्टिकच्या आवरणात सिमेंट भरलेल्या प्लेटा स्वस्त पडतात, पण त्याच वजनाला त्या दुप्पट जाड असतात. रॉडचं टोक लगेच भरतं आणि वजन वाढवायची वेळ आली की जागाच उरत नाही. शिवाय आपटल्या की आतलं सिमेंट खुळखुळायला लागतं. लोखंडाला गंज चढतो हे खरं, पण आपल्याकडची हवा कोरडी. मुंबईतल्या माझ्या मैत्रिणीला दर पावसाळ्यात प्लेटा घासाव्या लागतात, इथं वर्षातून एकदा तेलाचा फडका पुरतो.

प्लेटेवर छापलेलं वजन मात्र खरं धरू नका. माझ्या दिरांची मार्केट यार्डात अडत आहे. कांद्याचे लिलाव उरकल्यावर त्यांच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर सगळ्या प्लेटा मोजून घेतल्या. दहा किलोच्या दोन प्लेटांत एक 10.4 भरली आणि दुसरी 9.7. रॉडच्या एका बाजूला पाऊण किलो जास्त असेल तर प्रेस करताना खांदा तिरका होतो आणि आपल्याला वाटतं आपला डावा हातच कमजोर. आता प्रत्येक प्लेटेवर खडूने खरं वजन लिहून जोड्या जुळवल्यात. काटा नसेल तर किराणा दुकानदाराला विनंती करा, सहसा कोणी नाही म्हणत नाही.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: बारीक प्लेटा. घरच्या जिमची चर्चा नेहमी जास्तीत जास्त किती किलो यावर होते. खरं बघायचं असतं ते वजन किती थोडं वाढवता येतं हे. पाच किलोच्या डंबेलवरून साडेसातवर गेलं की भार एकदम 50 टक्क्यांनी वाढतो. खांद्याचा लहान स्नायू एवढी उडी घेत नाही. मग आपण महिनोन्‌महिने पाचवरच अडकतो किंवा कंबर मागे वाकवून साडेसात ढकलतो. पायांना पाच किलोची उडी चालते, कारण चाळीसवर पाच म्हणजे साडेबारा टक्के. म्हणून ठरावीक वजनाच्या डंबेलच्या तीन-चार जोड्या घेण्यापेक्षा प्लेटा बदलता येणाऱ्या दोन लहान रॉडांची एक जोडी घ्या आणि सव्वा किलोच्या चार प्लेटा जादा घ्या. त्याहून बारीक प्लेटा इथल्या दुकानांत मिळेनात, तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातून मोठे लोखंडी वायसर आणले आणि तारेत ओवून अर्ध्या-अर्ध्या किलोचे जुडगे केले. त्यांच्यामुळेच माझा प्रेस 20 वरून 26 किलोवर आला, दर वेळी एकेक किलो चढवत.

डेडलिफ्टमध्ये उंचीचा प्रश्न येतो. ऑलिंपिक रॉडला मोठी प्लेट लावली की तिचा व्यास 45 सेंटीमीटर, म्हणजे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर राहतो. माझ्या दहा किलोच्या प्लेटेचा व्यास 28, म्हणजे रॉड साडेआठ सेंटीमीटर खाली. तेवढं जास्त वाकताना माझी पाठ गोल होते. भंगार बाजारात साखर कारखान्यातून निघालेला जुना कन्व्हेयर पट्टा मिळाला. त्याचे तुकडे एकावर एक रचून प्लेटेखाली दोन चौथरे केले. एकाच वस्तूत दोन कामं झाली, कारण तोच पट्टा खाली अंथरल्याने फरशीही वाचते. शहाबादी फरशी उभा भार कितीही सोसते, पण लोखंडाची कड टोचली की तिचा टवका उडतो.

स्लॅबचं भय बऱ्याच जणांना असतं. घरांचे स्लॅब साधारण चौरस मीटरला 200 किलोचा भार धरून आखलेले असतात. शंभर किलोचा रॉड हळू ठेवला तर काळजीचं कारण नाही. सोडून दिला तर मात्र हादरा बसतो आणि खालच्या मजल्यावरच्या माणसांची झोपमोड होते ती वेगळीच. वजन उचललं तसंच उतरवायचं, हा नियम घरात पाळावाच लागतो.

पुलअप बारसाठी दाराच्या चौकटीत दाबून बसणारा, बिनस्क्रूचा बार मी घेतला नाही. तो केवळ घर्षणावर टिकतो. भिंत नऊ इंची विटांची आहे की साडेचार इंची, हे आधी ठोकून बघा. नव्या अपार्टमेंटमधल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधे फास्टनर सैल होतात. आम्ही मिस्त्रींना बोलावून काँक्रीटच्या बीममध्ये अँकर बोल्ट मारून घेतले. झोका घेत पुलअप केले तर बोल्टवर अंगाच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त ओढ येते, त्यामुळे स्थिर लटकूनच करते. बारवर सोलापुरी टर्किश टॉवेल टाकून त्याची दोन टोकं धरून लटकलं की पकड अशी तयार होते की बाजारातली कुठलीच स्प्रिंग तिची बरोबरी करणार नाही. बँडच्या, म्हणजे ताणायच्या रबरी पट्ट्याच्या, मदतीशिवाय पूर्ण पुलअप आता निघतो.

बँडबद्दल इशारा देते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 42-43 वर जातो आणि वरच्या मजल्याची खोली रात्रीही भट्टी असते. रबराला ऊन आणि उष्णता दोन्ही मानवत नाहीत. आधी ते चिकट होतं, मग बारीक भेगा पडतात, आणि ताणलेला बँड तुटला तर थेट तोंडावर येतो. टाल्कम पावडर लावून सुती पिशवीत, खालच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवते. वापरण्याआधी उजेडात ताणून बघते. भेग दिसली की फेकायचा, जीव अडकवायचा नाही.

सासूबाईंचं सामान सगळ्यात कमी: एक बिनहाताची लाकडी खुर्ची आणि सर्वात हलका बँड. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं. "तुझं लोखंड तुलाच, मला ही खुर्चीच बरी बघ," म्हणतात. गुडघे कुरकुरायचे कमी झालेत आणि आता त्या जिना कठडा न धरता चढतात. साठीपुढच्या आईवडिलांसाठी यंत्र शोधणाऱ्यांनी आधी एवढं करून बघावं.

ट्रेडमिलचा विचार केला आणि सोडला. घ्यायचीच असेल तर मोटरची सलग चालण्याची ताकद विचारा, मोठ्या अक्षरांत छापलेली क्षणभराची नाही. स्टॅबिलायझरचा खर्चही धरा. मला चालायला संभाजी तलावाचा काठ आहे.

आता मुद्गल. इंग्रज सैनिकांनी ही आपली जोडी एकोणिसाव्या शतकात विलायतेला नेली आणि तिथल्या कवायतीत घातली. पुढे क्लब (मुद्गलाचं इंग्रजी नाव) फिरवण्याची स्पर्धा 1904 आणि 1932 च्या ऑलिंपिकमध्ये झाली. रॉडने खांद्याला ताकद येते, पण तो एकाच रेषेत हलतो. मुद्गल खांद्याला पाठीमागून पूर्ण वर्तुळात नेतो, आणि प्रेस वाढवताना मला नेमकं तेच कमी पडत होतं. लाकूड कातणाऱ्या कारागिराकडून वाळलेल्या बाभळीची जोडी करून घेतली, प्रत्येकी चार किलोची. बाभूळ जड आणि चिवट, गाड्याच्या चाकांना उगाच वापरत नसत. लाकूड पूर्ण वाळलेलंच हवं, नाहीतर आपल्या उन्हाळ्यात तडकतं. मुठीच्या टोकाला गोळा ठेवायला सांगा, घामाने हात घसरला तरी तिथं अडतो. पहिले काही आठवडे एकाच हाताने, तेही गच्चीवर, कारण खोलीत पंखा आहे. कोपर कानाजवळ आणि मुद्गल पाठीला घासल्यासारखा जवळून गेला पाहिजे. लांब गेला की कंबर ओढली जाते. आता दोन्ही हात आळीपाळीने, लय न तुटता चालतात.

सध्याची वजनं: स्क्वॉट 45, डेडलिफ्ट 60, प्रेस 26. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला सुरू करून ऊन चढायच्या आत आटोपते. वरून ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि शेंगाचटणी. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, पण तेल त्याच्या जवळपास दुप्पट, म्हणून प्रथिनांसाठी भिस्त उसळीवर आणि दह्यावर.

पुढचा टप्पा सहा किलोच्या मुद्गलांचा. कारागीर म्हणतो चिंचेचं लाकूड घेऊ, त्याच वजनाला आकार लहान बसेल. तुमच्यापैकी कोणी चिंचेची जोडी फिरवली असेल तर तिची लांबी आणि मुठीची जाडी कळवा, त्यानुसार माप देईन.