शेवटच्या डाइव्हपासून उलटं मोजत

स्कुबा डाइव्हिंगच्या कोर्सआधी भरायच्या आरोग्याच्या फॉर्मवरचा दुसराच प्रश्न होता, वय ४५ च्या वर आहे का? माझं ४८. 'हो' म्हटल्यावर पुढच्या चौकटीत आणखी प्रश्न आले आणि त्यात रक्तदाब होता. गेली दोन वर्षं मी रोज सकाळी बीपीची गोळी घेते. लेक शेजारी बसली होती. म्हणाली, "आई, नाही लिही ना. गोळीने कंट्रोलमध्ये आहे की तुझं."

मी 'हो' लिहिलं. अशा प्रश्नाला एक जरी 'हो' आलं तरी डॉक्टरांची सही लागते आणि त्या सहीशिवाय चांगलं डाइव्ह सेंटर पाण्यात उतरवत नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. ईसीजी, टूडी इको, ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट, सगळं होऊन सही मिळायला आठ दिवस गेले. हा फॉर्म थेट अंदमानात हातात पडला असता, तर मी किनाऱ्यावर बसून लेकीची वाट पाहिली असती. म्हणून जो कोणी विचारतो त्याला मी सांगते, विमानाच्या तिकिटाआधी हा फॉर्म मागवून घ्या.

याआधी २०१९ मध्ये आम्ही तारकर्लीला स्कुबा केलं होतं. तिथे प्रशिक्षक आपल्याला धरून खाली नेतो, फोटो होतात, आपण वर येतो. त्या काही मिनिटांनीच मला वेड लावलं. पण मला स्वतःच्या हिमतीवर पोहायचं होतं, कुणी सिलिंडर धरून न्यायला नको होतं. त्यासाठी 'ओपन वॉटर' हा कोर्स लागतो. त्यानंतर सोबत्याबरोबर १८ मीटरपर्यंत जाता येतं. तीन-चार दिवस, समुद्रात चार डाइव्ह, आमचा खर्च माणशी तीस हजारांच्या घरात गेला. पोहण्याची परीक्षाही असते. २०० मीटर न थांबता पोहायचं, वेळेचं बंधन नाही, आणि दहा मिनिटं नुसतं तरंगायचं. पुण्यात तलावावर दोन महिने मी याचाच सराव केला. तरंगणं मला पोहण्यापेक्षा अवघड गेलं. थिअरी घरूनच ऑनलाइन संपवली, त्यामुळे तिकडचा जवळपास एक दिवस वाचला.

जागा ठरली हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. महिना फेब्रुवारी, कारण मे महिन्यापासून पावसाळ्याचं वारं सुरू होतं, समुद्र खवळतो आणि पाणी गढूळ होतं.

आमच्या एजंटने आखलेला कार्यक्रम कागदावर फार सुटसुटीत दिसत होता. बुधवारी दुपारी शेवटची डाइव्ह, साडेचारची फेरीबोट, रात्री पोर्ट ब्लेअर, गुरुवारी सकाळी साडेसातचं विमान. मी बोटं मोजली. तीनला पाण्याबाहेर आलो तर विमान सुटेपर्यंत साडेसोळा तास. अनेक डाइव्ह झाल्यावर किमान १८ तास उडू नये, असं थिअरीतच शिकवतात. खोल पाण्यात दाबामुळे हवेतला नायट्रोजन शरीरात मुरतो. तो हळूहळू बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. विमानात केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो. सोड्याची बाटली उघडल्यावर फसफसते तसे बुडबुडे अंगात तयार झाले, तर सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकतं. एजंट म्हणाला, "मॅडम, सगळेच असं करतात." मी त्याच्याकडचं बुकिंग रद्द केलं.

मग मी कॅलेंडर घेऊन मागून पुढे यायला सुरुवात केली. परतीचं विमान शनिवारी सकाळी. शुक्रवारी पाण्यात उतरायचं नाही, संध्याकाळच्या फेरीने पोर्ट ब्लेअर. सोमवार ते बुधवार कोर्स. मध्ये गुरुवार मोकळा. लेकीला तो मोकळा दिवस पटत नव्हता. "तिथे जाऊन एक दिवस नुसतं बसायचं?"

तोच दिवस कामी आला. रविवारी फेरीतल्या एसीने तिला गारठवलं आणि मंगळवारी उठली ती नाक चोंदूनच. मी बॅगेतली सर्दीची गोळी काढली, तर इन्स्ट्रक्टर ठामपणे नको म्हणाले. पाण्याखाली गोळीचा असर उतरला, तर कानात अडकलेली हवा वर येताना बाहेर पडत नाही आणि कानाला इजा होते. आम्ही तो अख्खा दिवस खोलीवर वाफारे घेत काढला. कोर्स बुधवार-गुरुवारवर ढकलला. एजंटच्या कार्यक्रमात गुरुवारी सकाळी आम्ही विमानात असतो.

आता पाण्यातलं सांगते. सोमवारी पहिल्यांदा खाली जाताना तीन-चार मीटरवर माझा डावा कान ठणकला. दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, पण कानाला त्रास बहुधा पहिल्या काही मीटरांतच होतो, कारण कानातल्या हवेचं आकारमान तिथे सगळ्यात झपाट्याने बदलतं. मी तळवा आडवा धरून हलवला, मग कानाकडे बोट दाखवलं. काहीतरी बिघडलंय, याची ती खूण. इन्स्ट्रक्टरनी एक मीटर वर घेतलं. नाक चिमटीत धरून हलकेच हवा दाबली, लाळ गिळली. कानात बारीकसा 'टक' आवाज आला आणि दुखणं थांबलं. जोर लावायचा नाही, घाई करायची नाही, सुटेपर्यंत तिथेच थांबायचं. पुढच्या प्रत्येक डाइव्हला मी दुखायची वाट न बघता हातभर खाली गेले की कान मोकळा करत गेले.

गुरुवारची शेवटची डाइव्ह. एका खडकाच्या बाजूला सी अ‍ॅनिमोन, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, डोलत होता, त्यात नारिंगी-पांढरे क्लाउनफिश मासे. त्यातला एक, माझ्या अंगठ्याएवढा, थेट माझ्या मास्कसमोर आला आणि हटेना. त्याचं घर होतं ते. मी श्वास सावकाश सोडला, जरा मागे सरकले, तेव्हा तो आत गेला. लेक तीन हातांवर पोटावर आडवी तरंगत होती, हात छातीशी घेतलेले, पायातल्या फिन्स प्रवाळाला लागणार नाहीत अशा. मंगळवारी चोंदलेलं तिचं नाक आज मोकळं होतं. तिने अंगठा आणि तर्जनी जोडून गोल दाखवला. सगळं ठीक. मीही दाखवला. मग मी सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते दाखवणारं गेज पाहिलं. २०० बारवर सुरू झालेला काटा ७० वर आला होता. मी तो इन्स्ट्रक्टरना दाखवला आणि आम्ही तिघं सावकाश वर निघालो, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून.