सेकंड हँड लॅपटॉप: मी आता आधी बायोस उघडतो

भाचीला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला आणि बहिणीने लॅपटॉपचं काम माझ्यावर सोपवलं. बजेट २५ हजार, म्हणजे सेकंड हँडच. मी लगेच हो म्हटलं नाही, कारण तीन वर्षांपूर्वी माझे १४ हजार असेच बुडाले होते.

तो लॅपटॉप मी नाशिक रोडच्या एका गृहस्थांकडून घेतला होता. विंडोज सुरू झालं, त्यांनी पिन सांगितला, मी तो बदलला आणि पैसे दिले. आठ महिने सगळं सुरळीत होतं. मग हार्ड डिस्क गेली. नवीन एसएसडी आणली, पेनड्राइव्हवर विंडोज घेतलं, पण मशीन पेनड्राइव्ह घेईना. यूएसबी बूट, म्हणजे पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करणं, बायोसमधून बंद केलेलं होतं. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा, मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम. ते चालू करायला गेलो, तर त्याने सुपरवायझर पासवर्ड, म्हणजे बायोसमधली सेटिंग्ज बदलायचा पासवर्ड मागितला. ज्यांनी विकला त्यांनाही तो माहीत नव्हता. त्यांनी कुठल्याशा कंपनीच्या जुन्या मालातून घेतलेला.

इथे मी चूक केली. मदरबोर्डवरचा सीमॉस सेल काढला की पासवर्ड पुसला जातो, असं एकाने सांगितलं म्हणून तो काढला. डेस्कटॉपवर ही युक्ती बऱ्याचदा चालते. ऑफिसात वापरतात त्या लॅपटॉपमध्ये मात्र हा पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो आणि वीज नसली तरी तिथेच राहतो. सेल काढल्याने पुसली गेली ती फक्त तारीख. त्यानंतर मशीन सुरू करताना ‘तारीख-वेळ दुरुस्त करा’ म्हणायचं आणि ती दुरुस्त करायला तोच पासवर्ड मागायचं. विंडोजपर्यंत पोचायची वाटच बंद झाली. रिपेअरवाल्या दादांनी मदरबोर्ड बदलायला सांगितला. त्याचा खर्च लॅपटॉपच्या किमतीच्या आसपास जात होता.

कुलूप नेमकं कुठे आहे यावर सगळं ठरतं, हे मला तेव्हा कळलं. विंडोजचा पासवर्ड सगळ्यात किरकोळ, विंडोज नवीन टाकलं की तो जातो. बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, ती नसेल तर आधीच्या मालकाचा डेटा मिळत नाही, पण डिस्क पुसून मशीन वापरता येतं. डिस्कलाच पासवर्ड असेल तर डिस्क बदलावी लागते. बायोसचं कुलूप मात्र मदरबोर्डवर असतं, आणि ते विकणाऱ्यानेच आपल्यासमोर काढून द्यायला हवं. त्याला काढता येत नसेल तर ते मशीन त्याच्याकडे कसं आलं, हाही प्रश्न उरतोच.

या वेळी भाचीला घेऊन एम.जी. रोडच्या एका दुकानात गेलो. दुकानदारांनी लॅपटॉप चालू करून डेस्कटॉप दाखवला. मी म्हटलं, “दादा, रिस्टार्ट करू का?” शटडाऊन मुद्दाम टाळतो, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि बायोस उघडायचं बटण कधीकधी लागत नाही. मशीन सुरू होतानाच हे बटण दाबायचं: डेलला एफ २, एचपीला एफ १०, थिंकपॅडला एफ १. बायोस नुसता उघडला म्हणून समाधान मानायचं नाही. काही मशीनमध्ये पासवर्ड असूनही पानं दिसतात, फक्त सगळं फिकट असतं आणि काही बदलता येत नाही. म्हणून थेट सिक्युरिटीच्या पानावर जायचं आणि ॲडमिन, सिस्टिम आणि हार्ड डिस्क या तिन्ही पासवर्डपुढे ‘नॉट सेट’ आहे ना ते वाचायचं. ॲब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस असं काही दिसलं तर ते ॲक्टिव्ह नको. चोरीला गेलेलं मशीन शोधायला कंपन्या ते वापरतात. बाकी कशाला हात लावायचा नाही. सिक्युअर बूटसारखं काही बदललं तर बिटलॉकर उगाच की मागायला लागतं.

हे सगळं स्वच्छ होतं. भाची म्हणाली, “मामा, घेऊया ना आता!” मी तिला थांबवलं. दुकानदारांना म्हटलं, पूर्ण रीसेट मारा आणि सेटअपच्या वेळी नेट जोडा. ते थोडे नाराज झाले, तासभर जाणार होता. “नेट न जोडता सेटअप होतो की, साहेब.” मी म्हटलं, थांबतो आम्ही. बाहेर जाऊन मिसळ खाल्ली आणि परत आलो. भाचीच्या मोबाइलचं हॉटस्पॉट जोडलं. काही मिनिटांत स्क्रीनवर पुण्यातल्या एका कंपनीचं नाव आलं आणि तिथल्या ईमेलने साइन इन करा म्हणून सूचना.

दुकानदार खरोखर चकित झाले. हे कुलूप मशीनमध्ये नसतंच. कंपनीने विकत घेतानाच मशीनची ओळख मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट यादीत नोंदवलेली असते, त्यामुळे एसएसडी बदलली किंवा विंडोज दहा वेळा टाकलं तरी नेट लागताच तेच पान येतं. ती नोंद कंपनीच्या आयटीवाल्यांनीच काढायची असते. नेटशिवाय सेटअप केलेलं मशीन रोज नीट चालतं आणि पुढे कधीतरी रीसेट केलं की अडकतं. माझ्या जुन्या आठ महिन्यांसारखंच. (मॅकबुक घेणाऱ्यांनीही आधीच्या मालकाचं आयक्लाउड आणि फाइंड माय त्याच्याच हाताने बंद करून घ्यावं.)

दुसरं मशीन एचपीचं होतं, आठव्या पिढीचं आय-५, म्हणजे विंडोज ११ अधिकृतपणे चालणारं. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्यामुळे त्याहून जुनं घ्यायचं नव्हतं. बायोसमध्ये ‘ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड तयार करा’ असं दिसलं, ‘बदला’ असं नाही, म्हणजे पासवर्ड नव्हता. पुन्हा रीसेट, पुन्हा हॉटस्पॉट. या वेळी थेट भाषा, देश आणि स्वतःच्या अकाउंटची पानं आली. भाचीने तिथेच आपलं नाव टाकलं. बायोसमधला सिरीयल नंबर खालच्या स्टिकरशी जुळवला आणि तोच बिलावर लिहून घेतला. बायोस पासवर्ड किंवा कंपनीची नोंद निघाल्यास माल परत, ही ओळही दुकानदारांनी स्वतःच्या हाताने लिहिली. २३ हजार ५०० ला सौदा झाला.

आम्ही निघताना ते पहिल्या मशीनच्या लॉटमधले उरलेले चार लॅपटॉप शेल्फवरून उतरवत होते. कामावरच्या पोराला म्हणाले, “हे सगळे रीसेटला लाव, आणि वायफाय जोडून बघ.”