खरा ऋ ब्रनोमध्ये भेटला

चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात, चेक भाषेच्या वर्गात बाईंनी परवा फळ्यावर ‘हाताचं बोट’ या अर्थाचा शब्द लिहिला. चार अक्षरं, चारही व्यंजनं: प, र, स, त. शेजारचा स्पॅनिश मुलगा स्वर शोधत बसला. बाई म्हणाल्या, इथे र हाच स्वर. वर्गाने कपाळाला हात लावला आणि मी एकटी खूश! पृस्त. अहो, हा तर आपला ऋ!

शाळेत ‘ऊ’नंतर आपण तो नुसता घोकला. नाशिकच्या रामकुंडावर संकल्प सांगणारे गुरुजीसुद्धा ‘रुषी’च म्हणतात, हिंदीवाले ‘रिषी’. मला वाटायचं, खरा ऋ कधीच गेला. तर इथे ट्रॅममधली शेंबडी पोरं तो सहज बोलतात. ब्रनो हे गावाचं नावसुद्धा नीट म्हणायचं तर ‘बृनो’. आणि ऌ? मुळाक्षरांच्या तक्त्यापलीकडे कधी पाहिलाय कुणी? यांच्या लांडग्यात तो बसलाय: व्ऌक. संस्कृतातल्या वृकाचा सख्खा भाऊबंद.

चिवड्यातला च आणि चमच्यातला च यांना इथे वेगवेगळी अक्षरं आहेत, एकावर छोटी खूण. दोन्ही उच्चार मला फुकटात मिळाले. (आपण दोन्ही एकाच अक्षरात कोंबतो आणि वर परप्रांतीयांच्या उच्चारांना हसतो, ते सोडा.) विभक्त्या सात, क्रमांकानेच ओळखायच्या, त्यात संबोधनही. स-ला-ते घोकलेल्या माणसाला त्याचं काय भय? प्रत्यय मात्र लिंगागणिक बदलतात, तिथे माझाही घाम निघतो.

राहिला तो त्यांचा खास र. जीभ र साठी थरथरवायची आणि त्याच दमात ‘झ’सारखी हवा घासायची. ‘पुढचा थांबा’ या घोषणेतच तो येतो, म्हणजे दर थांब्याला टोमणा. मला जमत नाही, आणि त्याचं मी फार मनाला लावून घेत नाही. चेक मुलांनाही तो सगळ्यात शेवटी येतो, कित्येकांना त्यासाठी उच्चारतज्ज्ञाकडे न्यावं लागतं.

पंचवटीची मावशी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “एवढा आटापिटा कशाला गं? इंग्रजीवर भागत नाही का?” कायम वास्तव्यासाठी 2021 पासून चेक भाषेची ए-टू, म्हणजे प्राथमिक पातळीची परीक्षा लागते, हे तिला सांगून झालं. मग म्हटलं, “सातपूरला वीस वर्षं नोकरी करून मराठी न शिकलेल्यांच्या नावाने तूच बोटं मोडतेस ना?”

“ते वेगळं,” मावशी म्हणाली.