चॅनेलला भाषेचे नाव

आमच्या पणजीच्या कार्यालयातून हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या व्यापाऱ्यांना चॅटवर मदत केली जाते, आणि त्या चॅटचे चॅनेल तेव्हा देशांच्या नावांनी चालत: भारत, पोर्तुगाल, ब्राझील, मोझांबिक. एका सोमवारी मापुतोच्या एका दुकानदाराने मोझांबिकच्या चॅनेलवर पोर्तुगीजमधून विचारले की पावत्यांवर एकच क्रमांक दोनदा का पडतो. तिथे उत्तर देणारे कोणी नव्हते. याच अडचणीवरचा उपाय ब्राझीलच्या चॅनेलवर पोर्तुगीजमध्येच लिहून ठेवलेला होता; पण परक्या देशाच्या नावाचे चॅनेल आपल्यासाठीही आहे, हे त्या गृहस्थांना कळणार तरी कसे? घरी पोर्तुगीज बोलणाऱ्या मडगावच्या एका सहकारी बाईंच्या नजरेस तो संदेश दुपारी पडला, तोवर त्या दुकानदाराची सगळी सकाळ वाया गेली होती.

भारताच्या चॅनेलची अवस्था याहून बिकट होती. हिंदी, तमिळ आणि इंग्रजी संदेशांच्या गर्दीत डिचोलीच्या व्यापाऱ्याचा मराठी प्रश्न दिसेनासा होई, आणि हे मला फार लागे, कारण माणूस अडचण नीट सांगतो ती आपल्या भाषेत.

त्याच दिवशीच्या बैठकीत मी चॅनेलना भाषांची नावे देण्याचा आग्रह धरला. आमच्या प्रमुखांचा आक्षेप रास्त होता: कराचे नियम देशागणिक बदलतात, मग जीएसटीचा प्रश्न परदेशातील माणसाने कसा सोडवावा? त्यावर असे ठरले की चॅनेल भाषेचे असावे आणि कराच्या प्रश्नाला तेवढी देशाची खूण जोडावी. विकिपीडियाचा दाखला इथे उपयोगी पडला, कारण तिची पोर्तुगीज आवृत्ती ब्राझील, पोर्तुगाल आणि मोझांबिक यांना मिळून एकच आहे. दोन अक्षरी संकेतांना मात्र मी विरोध केला. 'एमआर' म्हणजे भाषांच्या यादीत मराठी आणि देशांच्या यादीत मॉरिटानिया. नाव पूर्ण हवे, आणि त्या भाषेच्या लिपीत हवे.

कोंकणीपाशी बैठक लांबली. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोंकणीला राजभाषा केले आणि मराठीच्या वापरालाही मुभा दिली, परंतु सासष्टीतील आमचे पुष्कळ ग्राहक कोंकणी रोमी, म्हणजे रोमन, लिपीत लिहितात. लिपीवरून चॅनेल वेगळे केले तर आधीच मोजके असलेले उत्तर देणारेही विभागले जातील, म्हणून चॅनेल एकच आणि त्याचे नाव दोन्ही लिप्यांत, असा निर्णय झाला.

पोर्तुगीज चॅनेल त्याच संध्याकाळी उघडले, आणि मापुतोच्या दुकानदाराच्या पुढच्या प्रश्नाला साओ पावलोच्या एका हिशेबनीसाने उत्तर दिले. प्रत्येक पाळीत कोंकणीच्या दोन्ही लिप्या वाचणारी व्यक्ती असावी, ही माझी मागणी पुढच्या महिन्यावर गेली आहे. ती मी सोडलेली नाही.